रेडिएशनच्या दिवसांतली चूळ: मिठाचे पाणी, हळद, मध आणि ज्येष्ठमध

गालाच्या, जिभेच्या किंवा घशाच्या कॅन्सरवर रेडिएशन सुरू होऊन दहा-बारा दिवस झाले की तोंडाची आग सुरू होते आणि त्याच सुमारास घरात सल्ल्यांची रांग लागते. गावाकडून फोन येतो, जाईची पाने चावायला द्या. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू हळदीच्या गुळण्या सांगतात. ऑफिसातला मित्र आयुर्वेदिक माउथवॉशची बाटली घेऊन येतो. टाकणखाराची लाही मधातून चाटवा म्हणणारेही कुणीतरी असतेच. हिंजवडीत हे चित्र नेहमीचे आहे. मुलगा किंवा सून इथल्या आयटी पार्कात नोकरीला, आणि बीड-लातूरकडचे आईवडील उपचारांपुरते त्यांच्याकडे राहायला आलेले. मग सल्ले गावाकडचेही येतात आणि सोसायटीतलेही.

सगळे मायेपोटीच सांगतात. पण त्यातले बहुतेक उपाय उष्णतेने, जागरणाने किंवा पोट बिघडल्याने तोंड येते त्यावरचे असतात. ते तोंड चार-आठ दिवसांत आपोआपही बरे होते, म्हणून उपायाला यश मिळते. रेडिएशनची जखम वेगळ्या जातीची आहे आणि घरातल्या प्रत्येकाला ती नीट समजलेली असली पाहिजे.

तोंडाच्या आतल्या अस्तराच्या पेशी सतत झडत असतात आणि एक-दोन आठवड्यांत त्यांची जागा नव्या पेशी घेतात. रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘लाइट’ किंवा ‘शेक’ म्हणतात ते, या नव्या पेशी तयार होण्यालाच खीळ घालते. जुन्या पेशी असतात तोवर त्रास जाणवत नाही, म्हणून पहिला आठवडा बरा जातो. दुसऱ्या आठवड्यात लाली आणि आग, तिसऱ्या-चौथ्यात पांढरट पिवळे चट्टे, घट्ट तारेसारखी लाळ, चव गेलेली. उपचार साधारण सहा ते सात आठवडे चालतात, आठवड्यातून पाच दिवस, रोज किरणांची सुमारे २ ग्रे मात्रा, एकूण ६० ते ७० ग्रे. सोबत केमो असेल तर त्रास आणखी वाढतो. आज चट्टा थोडा भरू लागला तरी उद्या सकाळी त्याच जागी पुन्हा किरणे पडणार आहेत. अशा वेळी एखाद्या चुळीने जखम भरून येईल अशी आशा धरणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसत बसणे.

मग चूळ कशासाठी? तोंड स्वच्छ राहावे, ओले राहावे, जखमेत जंतू आणि बुरशी माजू नये, दोन घास पोटात जावेत आणि मुख्य म्हणजे रेडिएशनमध्ये खंड पडू नये यासाठी. हा शेवटचा मुद्दा घरोघरी निसटतो. तोंड फार आले म्हणून ‘चार दिवस विश्रांती घेऊ, मग जाऊ’ असे ठरते. डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये उपचार लांबला तर गाठ आटोक्यात येण्याची शक्यता दर दिवसामागे सुमारे १ टक्क्याने घटते, असे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. म्हणून कुठलाही घरगुती उपाय मी एकाच प्रश्नावर तोलेन: याने माणूस शेवटच्या दिवसापर्यंत, न चुकता, मशीनखाली जाऊन झोपू शकेल का? आग वाढवणारा, पोट बिघडवणारा किंवा डॉक्टरांपासून लपवायला लावणारा उपाय कितीही जुना असला तरी या दिवसांत नको.

पहिली चूळ आपल्या स्वयंपाकघरातलीच. एक लिटर पाणी उकळून गार करा. त्यात एक चहाचा चमचा सपाट भरून मीठ आणि तेवढाच खाण्याचा सोडा घालून विरघळवा. सोडा भजी-ढोकळ्यात घालतो तोच हवा. कपडे धुण्याचा सोडा चुकूनही नको, बेकिंग पावडर नको आणि फ्रूट सॉल्टची पुडीही नको, कारण तिच्यात सायट्रिक ॲसिड असते आणि ते चट्ट्यांवर झोंबते. मीठ झोंबू लागले तर मीठ निम्मे करा, सोडा तेवढाच राहू द्या. हे पाणी रोज सकाळी ताजे करायचे, उरलेले रात्री ओतून टाकायचे.

चूळ भरण्याचीही पद्धत आहे. आपण खळाखळा चूळ भरतो आणि मान मागे टाकून जोरात गुळण्या करतो. चट्टे आलेल्या तोंडाला तो मारा सोसत नाही. एक घोट तोंडात घ्या, अर्धा मिनिट गालांतून हळूच फिरवा, जिभेखाली जाऊ द्या, थुंका. गिळू नका, विशेषतः रक्तदाबाचा त्रास असेल तर. खाण्याच्या आधी, खाल्ल्यावर, झोपताना, आणि मधल्या वेळात जागेपणी दर दोन तासांनी. रात्री जाग आली तर तेव्हाही. लाळ घट्ट होऊन घशात अडकते, तिला पातळ करण्याचे काम सोडा करतो. साध्या मिठा-सोड्याच्या पाण्यावर मोठमोठे प्रयोग झालेले नाहीत, तरी जगभरचे तज्ज्ञ तोंडाच्या निगेसाठी तेच सुचवतात. स्वस्त आहे, फारसे झोंबत नाही आणि इतर कुठल्या औषधाच्या आड येत नाही.

आता हळद. ती घरात आहे, तिच्यावर विश्वास आहे आणि या बाबतीत थोडा पुरावाही आहे. मंगळुरूच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ८० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांनी हळदीच्या पाण्याच्या आणि निम्म्यांनी पोव्हिडोन आयोडिनच्या गुळण्या केल्या. हळदवाल्यांमध्ये तोंड उशिरा आले आणि त्रास कमी राहिला. २०२० मध्ये ओडिशातल्या कटकचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हळदीतल्या कर्क्युमिनच्या माउथवॉशची डॉक्टर देतात त्या बेंझिडामिनच्या चुळीशी तुलना केली होती. कर्क्युमिनने चट्टे सुरू होणे लांबवले, पण अखेर चट्टे येणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच राहिले. हे अभ्यास छोटे आहेत. म्हणून हळदीच्या पाण्याला माझी ना नाही, पण ते मिठा-सोड्याच्या पाण्याच्या आणि डॉक्टरांच्या औषधाच्या जोडीला, त्यांच्या जागी नव्हे. सुरुवात पहिल्याच आठवड्यात, तोंड धड असताना करावी, कारण अभ्यासात जो फायदा दिसला तो त्रास लांबवण्याचा आहे. उघड्या चट्ट्यांवर हळदीची भरड पूड चोळू नये.

हळद कुठली घेता यालाही महत्त्व आहे. सुट्या पुडीत रंगासाठी लेड क्रोमेट किंवा मेटॅनिल यलोची भेसळ होते, आणि जखमी तोंडात अशी पूड दिवसातून अनेकदा फिरवणे परवडणारे नाही. सांगलीकडून आलेली हळकुंडे घरी कुटून, दोनदा वस्त्रगाळ करून वापरणे सर्वांत चांगले. चिमूटभर पूड उकळून गार केलेल्या पाण्यात नीट मिसळावी. दात आणि दाढी पिवळी होते, ती पुढे निघून जाते.

हळदीच्या चुळीवरून गाडी बहुधा कर्क्युमिनच्या कॅप्सूलवर जाते. तिथे मात्र थांबा. चूळ थुंकली जाते, कॅप्सूल रक्तात उतरते. मिरीचा अर्क घातलेल्या तीव्र कर्क्युमिन गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत, आणि रक्त पातळ करण्याच्या औषधांशीही त्यांचे जमत नाही. शिवाय एक जुना धडा आहे. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये डोके-मानेच्या कॅन्सरच्या ५४० रुग्णांवर जीवनसत्त्व ई आणि बीटा कॅरोटिनच्या गोळ्यांचा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. दोन्ही गोळ्या घेणाऱ्यांचा तोंडाचा तीव्र त्रास कमी झाला, पण त्यांच्यात कॅन्सर त्याच जागी उलटण्याकडे कल दिसला. जीवनसत्त्व ई चालू असलेल्या काळात दुसरा कॅन्सर होण्याचे प्रमाणही वाढलेले आढळले. आग शमवणारी गोष्ट गाठीलाही सांभाळून घेऊ शकते, हे लक्षात ठेवूनच या काळातल्या कुठल्याही ‘ताकदीच्या’ गोळीकडे पाहावे.

मधाची बाजू हळदीपेक्षा भक्कम आहे. कॅन्सरच्या सहायक उपचारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत डोके-मानेच्या रेडिएशनमध्ये तोंड येणे टाळण्यासाठी मध सुचवला आहे. मलेशिया आणि इराणमधल्या अभ्यासांत पद्धत अशी होती: रेडिएशनच्या १५ मिनिटे आधी २० मिलिलिटर मध तोंडात घोळवून हळूहळू गिळायचा, नंतर १५ मिनिटांनी पुन्हा, आणि सहा तासांनी तिसऱ्यांदा. महागडा परदेशी मनुका मध आणायची गरज नाही. इंग्लंड आणि कॅनडातल्या प्रयोगांत त्याचा वेगळा फायदा दिसला नाही. महाबळेश्वरचा किंवा खात्रीचा कुठलाही शुद्ध मध चालेल. अडचण दोन ठिकाणी आहे. मधुमेह असेल तर दिवसाला ६० मिलिलिटर मध साखर चढवेल, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा. आणि लाळ आटलेल्या तोंडात गोड राहिले की दात झपाट्याने किडतात, म्हणून मध घेतल्यावर थोड्या वेळाने सोड्याच्या पाण्याची चूळ भराच. केमोमुळे पांढऱ्या पेशी उतरल्या असतील त्या दिवसांत मध द्यायचा की नाही, हेही डॉक्टरांनाच ठरवू द्या.

ज्येष्ठमधाचा उल्लेख आला की जामनगरच्या आयुर्वेद विद्यापीठातला २०११ चा अभ्यास आठवतो. ७५ रुग्णांच्या त्या अभ्यासात ज्येष्ठमध मधातून लावून आणि पोटातून देऊन पाहिला, आणि तोंडाचा त्रास कमी राहिल्याचे दिसले. ज्येष्ठमधाच्या गार काढ्याची चूळ सौम्य असते आणि घशाला बरे वाटते. पण काढा थुंका. रोज पोटात जाणाऱ्या ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरते. रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध चालू असेल तर त्या औषधानेही शरीरातले क्षार आधीच घटत असतात. दोन्ही एकत्र आले तर हृदयाच्या ठोक्यांपर्यंत प्रश्न जाऊ शकतो. कोरफडीबद्दल अपेक्षा होती, पण अमेरिकेत २००४ मध्ये झालेल्या प्रयोगात तिचा उपयोग दिसला नाही.

आता ज्यांना स्पष्ट नाही म्हणायचे ते. टाकणखार अजिबात नको. तो बोरॅक्स आहे, आणि उघड्या जखमेतून व पोटातून तो शरीरात जाणे विषारी ठरते. लवंगेचे तेल, पुदिन्याचा अर्क, कापूर, ओवाफूल नको, थंडावा वाटून मागून चट्टा भाजतो. तुरटी, त्रिफळा, बाभळीची साल, खैर हे तुरट पदार्थ कोरड्या अस्तराला आणखी ओढतात. जाईची, पेरूची, तोंडल्याची पाने चावायला देऊ नका, देठाचा ओरखडासुद्धा या तोंडाला जखम करतो आणि न धुतलेल्या पानावरचे जंतू आत जातात. तोंडात तेल धरण्याची पद्धत निरोगी माणसासाठी असेल. गिळताना ठसका लागणाऱ्या रुग्णाच्या श्वासनलिकेत तेल उतरले तर फुप्फुसाचा वेगळाच आजार होतो.

आणि मिश्री. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतून मिश्री लावणाऱ्या बायका आजही आहेत, आणि तोंड दुखते म्हणून थोडी मिश्री लावली की बरे वाटते असे त्यांना मनापासून वाटते. ती भाजलेली तंबाखूच आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली तरी मावा आणि तंबाखूची पुडी कुठेही मिळते. आई चोरून मिश्री लावत असेल तर तिला रागावू नका. तिच्याशी शांतपणे बोला आणि डॉक्टरांना सांगा. तंबाखूची तल्लफ सोडवायला औषधे आहेत.

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ‘हर्बल’ बाटलीवर हिरवे पान छापलेले असते. तुम्ही मागची बारीक अक्षरे वाचा. अल्कोहोल, मेंथॉल, थायमॉल, लवंग तेल, नीलगिरी तेल यातले काहीही दिसले तर बाटली परत ठेवा. आसव-अरिष्टांतही आंबवण्यातून तयार झालेले अल्कोहोल असते. क्लोरहेक्सिडिनची गुलाबी किंवा निळी बाटली अनेक जण स्वतःहून आणतात. रेडिएशनमधले तोंड येणे टाळण्यासाठी ती वापरू नये असेच आंतरराष्ट्रीय सूचना सांगतात. दंतवैद्याने दुसऱ्या कारणासाठी दिली असेल तर गोष्ट निराळी.

डॉक्टरांकडच्या चुळींतली पुराव्याने सर्वांत पुढे असलेली चूळ बेंझिडामिनची. ५० ग्रेपर्यंतच्या रेडिएशनमध्ये ती सुरुवातीपासून वापरण्याची शिफारस आहे, आणि केमोसोबत रेडिएशन घेणाऱ्यांनाही सुचवली आहे. झोंबली तर तेवढेच पाणी मिसळा. जेवणाआधी लावायचे लिग्नोकेनचे जेल तोंड बधिर करते, तेव्हा त्यावर गरम वरण खाऊ नका, भाजलेले कळत नाही आणि गालही चावला जातो. कमी शक्तीच्या लेझरचा किंवा प्रकाशाचा उपचार तुमच्या रुग्णालयात आहे का, हे रेडिएशन सुरू होण्यापूर्वीच विचारा. त्याचा पुरावा चांगला आहे आणि तो आधीपासून दिला तर उपयोगी पडतो. मॉर्फिनचे नाव काढले की नातेवाईक दचकतात. वेदना तेवढी असेल तर डॉक्टरांनी दिलेले मॉर्फिन, पोटातून किंवा चुळीच्या रूपात, घेणे योग्यच आहे. वेदना सोसत राहणारा माणूस जेवत नाही, आणि न जेवणारा माणूस उपचार सोडतो.

आयुर्वेदिक औषध घ्यायचेच असेल तर ते कॅन्सरचे रुग्ण रोज पाहणाऱ्या वैद्यांकडून आणि रेडिएशनच्या डॉक्टरांना सांगून घ्या. पुण्याजवळ वाघोलीत आयुर्वेद आणि आधुनिक उपचार यांची सांगड घालून काम करणारे कॅन्सर केंद्र बऱ्याच वर्षांपासून आहे. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवल्या की निम्मे धोके टळतात. फाइलच्या पहिल्या पानावर एक कागद लावा आणि घरात जे जे देता, चूळ, काढा, चाटण, सगळे तारखेसह त्यावर लिहा.

उपचार घेत नोकरीही करणाऱ्यांची हिंजवडीत वेगळीच तारांबळ असते. सकाळी थेरगाव, बाणेर किंवा पुण्यात रेडिएशन, मग ऑफिस, आणि परतताना भूमकर चौकातली कोंडी. दोन तास तोंड कोरडे राहिले की जीभ टाळूला चिकटते. मिठा-सोड्याच्या पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली, थुंकायला झाकणाचा ग्लास आणि प्यायच्या पाण्याची वेगळी बाटली बॅगेत ठेवा. दोन्ही बाटल्यांवर ठळक चिठ्ठी लावा, नाहीतर घाईत चुळीचेच पाणी प्यायले जाते. दुचाकीवर तोंडाने श्वास घेतला की धूळ थेट चट्ट्यांवर बसते. मास्क लावा, जमले तर बसने किंवा कुणाच्या गाडीतून जा. एसीची हवा अंगावर येणारी जागा मॅनेजरला सांगून बदलून घ्या. चौथ्या आठवड्यानंतर बोलणेही जड जाते, तेव्हा दिवसभराच्या कॉलऐवजी लेखी काम मागून घेणे चांगले.

कँटीनचे जेवण या काळात बंदच. घरून डबा न्या: मऊ भात आणि फोडणीशिवाय तूप घातलेले वरण, तांदळाची पेज, दुधातली नाचणीची खीर, चांगले कुस्करलेले अंडे, पातळ शिरा, गोड दही घुसळून. आंबील, ताक, सोलकढी, टोमॅटोचे सार आपल्याला हलके वाटतात, पण आंबट असल्याने इथे जाळतात. सगळे कोमट किंवा गार. हिंजवडीच्या ग्रामदैवताची, म्हातोबाची यात्रा उपचारांच्या मध्येच आली आणि घरात पाहुण्यांसाठी रस्सा शिजला तर रुग्णाचे पातेले आधीच वेगळे काढा. तिखट वाफेनेही तोंड झोंबते. दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करा.

पुढे सांगतो त्यातले काही झाले तर चूळ बदलत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालयात फोन करा: १००.४ अंशांच्या वर ताप, पाणीही गिळता न येणे, दिवसभरात लघवी अगदी कमी होणे, तोंडातून थांबत नाही असे रक्त, श्वास घेताना घरघर, आठवड्यात दोन किलोच्या वर वजन उतरणे. दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे थर गालांवर दिसले तर ती बहुधा बुरशी असते. ती हळदीने जात नाही, तिला औषध लागते, आणि औषध घेतले की आग लवकर उतरते. नाकातून नळी घालू म्हटले तर घाबरू नका. ती काही आठवड्यांपुरती असते आणि तिच्यामुळे अनेक जणांचा उपचार वेळेत पूर्ण होतो.

शेवटचे रेडिएशन झाले की घरचे पेढे आणतात आणि चुळी बंद होतात. तोंडाचा त्रास मात्र त्यानंतरचे एक-दोन आठवडे तसाच राहतो किंवा थोडा वाढतो, आणि मग हळूहळू उतरत पुढच्या काही आठवड्यांत अस्तर भरून येते. चट्टे पूर्ण जाईपर्यंत मिठा-सोड्याचे पाणी चालू ठेवा. लाळ मात्र महिनोन् महिने कमीच राहू शकते. त्यासाठी मऊ ब्रश आणि दंतवैद्याने सांगितलेली फ्लोराइडची पेस्ट लागते, आणि रात्री उशाशी पाण्याचा तांब्या. पुढे कधीही, दहा वर्षांनीसुद्धा, दाढ काढायची वेळ आली तर दंतवैद्याच्या खुर्चीत बसण्याआधी जबड्याला रेडिएशन दिले होते हे सांगा आणि फाइल दाखवा. तशा जबड्याचे हाड दात काढल्यावर भरून न येता सडू लागू शकते, म्हणून दात काढण्याचा निर्णय रेडिएशनच्या डॉक्टरांशी बोलूनच घेतला जातो.